वरीचे दोन घास

आदल्या संध्याकाळी सावित्रीबाईंच्या खाटेशी उभी राहून तूबाने ज्या शब्दाला होकार दिला, तो शब्द तिचा नव्हता; तो सावित्रीबाईंचा होता. घडलं ते एवढंच. पण दुसऱ्याच्या शब्दाला आपल्या अर्थाने मान डोलावणं, यापलीकडे माणसामाणसांतल्या घोटाळ्यांचं दुसरं मूळ कुठे असतं?

"मावशी, आज रात्रीनंतर तुम्हाला उपाशी राहायचंय," ती म्हणाली होती.

"म्हंजे उपास गो?"

"हो, उपास. अगदी कडक."

"धरीन की. जन्मभर धरतेच हाय, त्यात आनकी एक. डाक्टरपन देवाधर्माचं बगतात, चांगलं हाय."

तूबा हसली. पलीकडच्या खाटेवरचं सलाइन संपत आलं होतं, तिथून हाक आली. जाता जाता तिने विचारलं, "कळलं ना?"

"न कळायला काय झालं?"

कागदावरच्या 'उपाशी राहण्याची सूचना दिली' या ओळीपुढे तिने बरोबरची खूण केली आणि खाली सही केली : तूबा होडेकर, परिचर्या, तिसरे वर्ष.

तूबा राजिवड्याची, खाडीकाठच्या मुसलमान मोहल्ल्यातली. घरात शब्द होता 'रोजा'. शेजारणींशी, मैत्रिणींशी मराठीत बोलताना त्याचाच 'उपास' होई. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही, हा त्या शब्दाचा अर्थ तिच्या जिभेवर लहानपणीच कोरला गेलेला. शाळेत मैत्रिणींच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी तिने हक्काने खाल्ली होती. तीही उपासाचीच, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं आणि ऐन वेळी आठवणं, यांच्यामध्ये एक खाडी असते आणि ती ओलांडायला होडी नेहमीच लागलेली असते असं नाही.

ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज ज्ञानेश्वरी सिस्टर विद्यार्थिनींना पहिल्याच तासाला सांगत : "शस्त्रक्रियेआधी, शस्त्रक्रियेत आणि शस्त्रक्रियेनंतर, असं हे तीन खोल्यांचं घर आहे. मधली खोली डॉक्टरांची. पहिली आणि तिसरी आपली. आणि पहिल्या खोलीत रुग्णाला 'कळलं का?' असं कधीही विचारायचं नाही. 'काय कळलं, ते मला सांगा,' असं म्हणायचं. 'कळलं का'चं उत्तर आपल्या माणसांत एकच असतं." तूबाने ते वाक्य वहीत उतरवून त्याखाली लाल शाईची रेघ ओढली होती. रेघ सरळ होती. पट्टी लावून ओढलेली.

सावित्रीबाईंची पिशवी काढायची होती. गर्भाशयाला आपल्याकडे पिशवीच म्हणतात. बाजारहाटाच्या पिशवीसारखी, जणू रिकामी झाली की खुंटीला अडकवून ठेवायची वस्तू. त्या पिशवीत गाठ होती. दोन वर्षं त्या रक्त गमावत होत्या आणि दोन वर्षं ऑपरेशन पुढे ढकलत होत्या, कारण त्या पिशवीत वाढलेला एकुलता एक मुलगा, ओमकार, कतारला लिफ्टच्या कंपनीत होता. नवरा कधीच गेलेला. "माजी पिशवी काडतील तवा तो दारात पायजे," एवढीच त्यांची अट. यंदा तो अठ्ठावीस दिवसांच्या रजेवर आला. पण तपासणीत रक्त इतकं कमी निघालं, की ते वाढवण्यात तीन आठवडे गेले. होता होता मिळालेली तारीख रजेचा शेवटचा दिवस होती. सकाळी दहाला ऑपरेशन, दुपारी दोनला त्याची मुंबईची गाडी, पहाटे विमान. संध्याकाळच्या गाडीने विमान गाठणं शक्य नव्हतं आणि व्हिसाची मुदत उद्या संपत होती. दहा ते दोन. अठ्ठावीस दिवसांतून चार तास त्यांच्या वाट्याला उरले होते, आणि त्या चार तासांवर सावित्रीबाई खूश होत्या.

सकाळी आठला तूबा वॉर्डात आली तेव्हा त्या न्हाऊन, केस विंचरून बसल्या होत्या. शेजारी त्यांची धाकटी जाऊ मथुरा. ओमकार खाली औषधं आणायला गेलेला.

थिएटरात जाण्याआधी अंगावरचा धातू उतरवायचा असतो. बांगड्या निघाल्या, कानांतली फुलं निघाली. नाकातली चमकी मात्र निघेना. तिच्या फिरकीचं मळसूत्र वर्षानुवर्षांच्या घामाने घट्ट झालं होतं.

"लग्नात घातलेली हाय. नवरा गेला तवा काडायला आले व्हते, तवापन निगाली नाय," सावित्रीबाई म्हणाल्या.

"आक्का, मग ही पोर काय काडते?" मथुरा म्हणाली. "सुताराला बोलवा."

तूबाने कापसाच्या बोळ्यावर खोबरेल घेतलं, ते फिरकीशी जिरू दिलं आणि वाकून, श्वास रोखून, नखाने ती हळूहळू फिरवू लागली. दोघींचे चेहरे इतके जवळ आले की सावित्रीबाईंच्या पापण्या तिला मोजता आल्या असत्या. फिरकी सैल झाली. तूबाने रोखलेला श्वास सोडला आणि नवा घेतला, आणि चमकी मुठीत घेता घेता ती थांबली.

भाजल्या शेंगदाण्यांचा वास. त्याच्या मागोमाग तुपावरच्या जिऱ्याचा.

"मावशी," ती हळू म्हणाली, "सकाळी काही खाल्लंत?"

"उपासाचंच गो. मथुरानं वरीचा भात आनला, दान्याची आमटी. सा-साडेसा वाजता."

"मीठपन सैंधव घातलं," मथुराने भर घातली. "उगाच बाटायला नको."

"खायाची नव्हती मी येवडी," सावित्रीबाई जरा लाजल्या. "पन ओमकार भरवायला बसला. चमच्यानं. ल्हानपनी मी त्याला भरवायची तसा. पोट भरलं व्हतं, तरी दोन घास जास्तीच खाल्ले. म्हटलं, हात थांबला की हा उटल."

तूबाच्या मुठीत चमकी होती. तिच्या डोळ्यांसमोर पुस्तकातलं पान उभं राहिलं, त्यातली ती साधी आकृती : पोट, अन्ननलिका, श्वासनलिका. भूल दिली की शरीराचे पहारेकरी झोपतात. पोटातलं अन्न उलटं वर येतं आणि फुफ्फुसात उतरतं. माणूस बुडावा तसा जातो, आणि बुडतो तो स्वतःच्याच न्याहारीत. भूल पाठीत सुई टोचून द्यायची होती हे खरं, पण ती सुई दगा देईल तर पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणून नियम तोच.

"मावशी, उपास म्हणजे मला... काहीच खायचं नाही असं म्हणायचं होतं. पाणीसुद्धा नाही."

"असला कसला उपास?"

"आमच्यात असाच असतो."

मथुराने तोंडावर हात नेला. "अगो बाय! रोज्याचा उपास सांगितलान हिनं तुला, आक्का! थुंकीपन गिळत नाय म्हनं ते!" आणि ती हसू लागली. सावित्रीबाई हसल्या नाहीत. त्यांना मथुरापेक्षा लवकर कळलं होतं.

"मंग? आता नाय करनार?"

"थांबावं लागेल. आठ तास."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. सहा, सात, आठ... करंगळीवरून पुन्हा अंगठ्यावर येऊन बोट दोनवर थांबलं आणि तिथंच राहिलं. मग त्यांनी तूबाचं मनगट धरलं.

"कोनाला म्हायती हाय? तुला न् मना. ही मथुरा मुकी. तू सांगू नको गो, बाय माजे. चूळ भरते मी, दहा येळा भरते. डोळे उगडीन तवा तो समोर पायजे, येवडंच. मंग मेले तरी चालंल."

"तसं बोलू नका."

"तुजीपन चूक झाकल. तुलाच वरडतील ना?"

तो प्रश्न दयेने विचारलेला होता, म्हणूनच तो अधिक खोल गेला. खरंच, कागदावर सही तूबाची होती. गप्प राहिलं तर दोघींचंही साधत होतं. आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा काहीही होणार नव्हतं. उरलेल्या एका वेळेचा चेहरा मात्र तिच्यासमोर होता. चमकी काढल्यामुळे तो अचानक परका, उघडा, लहान मुलीसारखा दिसत होता.

"मावशी, मी सांगणार आहे," ती म्हणाली आणि मनगट सोडवून घेतलं. सोडवून घेताना तिला जोर लावावा लागला.

ज्ञानेश्वरी सिस्टर थिएटरच्या दारात ट्रॉली तपासत होत्या. तूबाने सगळं सांगितलं, स्वतःच्या होकारासकट. सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या : काय खाल्लं, किती, केव्हा. त्या भुलीच्या डॉक्टर मॅडमकडे गेल्या आणि दोन मिनिटांत परत आल्या. "दाणे, तूप. आठ तास पूर्ण. शेवटची केस, अडीच वाजता. नातेवाइकांना तू सांगायचंस."

"मी?"

"होकार तुझा होता ना?"

ओमकार औषधांची पिशवी घेऊन जिना चढून येत होता. सव्वीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, दाढी कालच कोरलेली. तूबाने सांगितलं तेव्हा तो आधी घड्याळाकडे बघत राहिला.

"मी भरवलं तिला," तो म्हणाला. "माझ्या हातानं."

"चूक माझी होती. मी शब्द बरोबर वापरला नाही."

"आधी नाही का घेता येणार? बाराला? सही करून देतो मी, माझ्या जबाबदारीवर."

"तुमच्या सहीने त्यांचं पोट रिकामं होणार नाही."

हे वाक्य तिच्या तोंडून आलं आणि आल्याबरोबर तिला ते परत घ्यावंसं वाटलं. ओमकारने तिच्याकडे असं पाहिलं, जणू समोर माणूस नसून एखादी बंद खिडकी आहे. मग तो तिच्या बाजूने आत गेला.

सकाळभर तो आईच्या पायाशी बसून होता. दोघं फारसं बोलत नव्हती. वियोगाची घटका ठरलेली असली, की बोलणं हा वेळेचा अपव्यय वाटू लागतो. माणसं नुसती एकमेकांकडे पाहून घेतात, पावसाळ्याच्या बेगमीला पापड वाळवून डब्यात भरावेत तशी. तूबा येत होती, नाडी बघत होती, रक्तदाब लिहीत होती, जात होती. सावित्रीबाई हात पुढे करत आणि मान दुसरीकडे वळवत.

सव्वा वाजता तो उठला. सावित्रीबाईंनी तोवर थिएटरचा हिरवा झगा घातला होता, केसांवर टोपी होती. तो पाया पडायला वाकला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता नको, निजलेल्या मानसाच्या पाया पडत नाईत." म्हणून मथुराने त्यांना उठवून बसवलं, आणि मग तो वाकला. जिन्यावर त्याच्या बॅगेची चाकं प्रत्येक पायरीला आपटत गेली. सावित्रीबाई त्या आवाजाच्या शेवटापर्यंत बसून होत्या. दारात उभ्या तूबाला ओलांडून तो गेला होता.

अडीचला त्यांना आत घेतलं. पाठीत सुई देताना रुग्णाला बसवून, पाठीची कमान करून, समोरून कुणीतरी धरावं लागतं. सिस्टरांनी तूबाला खूण केली. सावित्रीबाईंचं कपाळ तिच्या खांद्यावर टेकलं. दिवसभर तिच्याकडे न पाहिलेल्या त्या बाईचा सगळा भार तिच्यावर आला. सुई गेली तेव्हा त्यांनी तिच्या दंडात बोटं रुतवली.

"पाय गेले गो माजे," निजवल्यावर त्या घाबरून म्हणाल्या.

"आहेत, मावशी. बधिर झालेत. येतील परत."

छातीपाशी हिरव्या कापडाचा पडदा बांधला गेला. पडद्यापलीकडे दिवा, सर्जन, अवजारांची टिचटिच. अलीकडे एक चेहरा, आणि त्याच्या उशाशी स्टुलावर बसलेली तूबा. सावित्रीबाई छताकडे बघत म्हणाल्या,

"गाडी सुटली असल."

तूबाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सुटली. आता उक्षी स्टेशन मागे टाकलं असेल."

"तुला काय म्हायती?"

तूबाला माहीत होतं. तिचे अब्बा सुलेमान जहाजावर होते; वर्षातून एकदा येत, एकदा जात. गाडीत बसवून घरी आलं, की अम्मी, नसीमा, चुलीपुढे बसून गाडीबरोबर चालू लागे : आता भोके, आता उक्षी, आता संगमेश्वर. पोरीनं म्हणायचं आणि आईनं मान हलवायची. चिपळूणपर्यंत अम्मीचे डोळे कोरडे असत. त्यापुढची स्थानकं त्यांनी कधी म्हटली नाहीत. तूबाच्या लग्नाची बोलणी, तिची दहावी, लहान भावाचं दफन, यांतलं काहीही अब्बांच्या डोळ्यांदेखत झालं नव्हतं. हे सगळं तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "माझे वडील त्याच गाडीने जातात."

सावित्रीबाईंनी प्रथमच मान तिच्याकडे वळवली.

"आता?"

"आता संगमेश्वर."

"आमचं टेशन. दोन मिंटं थांबते." त्यांचे ओठ हलले. "उतरला तर घरी जाईल... पन कुलूप हाय घराला. चावी मथुराकडं."

भुलीच्या मॅडमनी मॉनिटरवरची नजर न हलवता म्हटलं, "चालू द्या तुमची गाडी. चिपळूण आलं की मलाही सांगा, माझं माहेर आहे."

आरवली. सावर्डे. तूबा घड्याळाकडे बघून नावं घेत राहिली. प्रत्येक नावाला सावित्रीबाई डोळे मिटून हुंकार देत. हळूहळू कळेनासं झालं, की कोण कुणाला धीर देतंय. पडद्यामागून ओढल्यासारखा कसलासा हलका धक्का आला आणि सर्जन म्हणाले, "निघाली. बाहेर दाखवून या."

सिस्टर स्टीलचा ट्रे झाकून घेऊन गेल्या. काढलेला अवयव नातेवाइकांना दाखवायचा, ही इथली पद्धत.

"कोनाला दाकवतील?"

"मथुरामावशी आहेत बाहेर."

"तिला काय त्याचं?" सावित्रीबाईंच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं. हात बांधलेले होते. तूबाने ते टिपलं. "मना त्याला दाकवायची व्हती. म्हनायचं व्हतं, बग रे, हितं व्हतास तू. येवड्याशा जाग्यात. आता परत यील तवा काय दाकवू?"

"चुकलं माझं, मावशी."

"व्हय. चुकलं तुजं."

त्यांनी ते नाकारलं नाही, आणि तूबाला त्या न नाकारण्याबद्दल एक विचित्र कृतज्ञता वाटली. खोटं समाधान तिला झेपलं नसतं. थोड्या वेळाने त्या बाईची बोटं, बांधलेल्या हाताने जेवढी पोचत होती तेवढी, तिच्या बोटांना येऊन लागली.

"पुडं सांग," त्या म्हणाल्या. "थांबलीस का?"

सव्वाचारला त्यांना बाजूच्या खोलीत आणलं. एका हाताला सलाइन, दुसऱ्याला रक्तदाबाची पट्टी. दर पंधरा मिनिटांनी ती फुगत होती, उतरत होती. मथुरा दारातून आत डोकावली. तिच्या हातात फोन होता.

"त्याचाच हाय. तिसऱ्यांदा केलान. जाऊ काय आत?"

सिस्टरांनी क्षणभर विचार केला. "फोन आत येऊ दे. तुम्ही बाहेर."

सावित्रीबाईंचे दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून तूबाने फोन त्यांच्या कानाशी धरला. एवढ्या जवळून पलीकडचा आवाज तिलाही ऐकू येत होता. आवाजामागे रुळांचा ठेका होता.

"आये? झालं?"

"झालं रे."

"दुकतंय?"

"नाय. कमरेखाली अजून मी आलेयच कुटं. वरची तेवडी हाय." त्या हसल्या, हसताना जीभ अजून जड होती. "कुटं हायस?"

"खेड सोडलं. आये, काकी सांगत होती, सगळं नीट झालं म्हणून. रक्त नाही लागलं. तू बोलतेस ते... बरं वाटलं." तो थांबला. "फोन कोणी धरलाय? काकीला आत सोडलं?"

"नाय. ती हाय. तीच पोर. मघापास्नं हितंच बसलीय."

तूबाने नजर सलाइनच्या थेंबांवर ठेवली.

"आये," ओमकार म्हणाला, "तिला सांग—"

आणि आवाज तुटला. रुळांचा ठेकाही तुटला. कानाशी एक सपाट शांतता उरली.

"हॅलो? ओमकार?" सावित्रीबाईंनी डोळे मोठे केले. "काय म्हनत व्हता गो?"

"बोगदा आला असेल, मावशी. खेडच्या पुढे बोगदे लागतात."

"किती?"

चुलीपुढच्या त्या प्रवासात अम्मीबरोबर ती चिपळूणच्या पुढे कधी गेलीच नव्हती. "माहीत नाही," तूबा म्हणाली.

"मंग धरून ठेव. यील परत."

पट्टी फुगली, उतरली. तूबाने आकडे मनात ठेवले; लिहायला हात मोकळा नव्हता. तिने कोपर खाटेच्या कडेवर टेकवलं, फोन त्यांच्या कानाशी नीट लावला, आणि दोघी त्या न बोलणाऱ्या यंत्राकडे कान देऊन राहिल्या.